डावीकडे जाऊन बघा

माझ्या काकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान नागपूरच्या सीताबर्डीत होतं, मोदी नंबर दोनमध्ये. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर खाली ओढता येणारा दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. गिऱ्हाईक नसलं की स्टूल माझं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज तिथं असायचो. भर दुपारी बर्डीवर चिटपाखरू नसे. चारनंतर माणसं सावली धरून बाहेर पडू लागली की काका मला कामाला लावत. याचं घड्याळ देऊन ये, मेन रोडवरून सेल आण, येताना चहा सांग.

पहिल्या सुट्टीत मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन वळसा घालून मेन रोडला लागायचो. मधे एक लांबलचक कापडाचं दुकान होतं. त्याचं दर्शनी दार मेन रोडवर आणि मागचं दार आमच्या बाजूच्या बोळात. मागच्या दाराला निळा पडदा. एकदा तो सारून आत घुसलो, तर गादीवरून आवाज आला, "काहून रे पोट्ट्या, हा काय रस्ता हाय का?" मी आल्या पावली परत. पुढच्या उन्हाळ्यात त्याच शेटजींचं मनगटी घड्याळ काकांकडे आलं आणि ते पोचवायला मला धाडलं. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, टिकटिक ऐकली, मग माझ्याकडे पाहिलं. "घड्याळवाल्याचा पुतण्या न तू? जा मंग इकडून."

त्या दिवसापासून तो पडदा माझा झाला. आत नव्या कापडाच्या खळीचा वास, दोन्ही बाजूंना छातीपर्यंत रचलेले तागे, त्यांतून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि टोकाला मेन रोडचा भसकन अंगावर येणारा उजेड. वाचली असतील तर तीन मिनिटं वाचली. पण रोज जिच्या कडेनं जात होतो त्या भिंतीतून आता वाट होती, आणि ती मला मिळालेली होती. बर्डी तेवढीच होती, दुकानं तीच होती, फक्त माझ्यासाठी तिची जोडणी बदलली होती.

हे पुस्तक अशाच पडद्यांविषयी आहे, फक्त ते संगणकाच्या खेळातले आहेत.

ज्यांनी असे खेळ कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. वारूळ मधोमध कापलं आणि काचेआड ठेवलं तर आतली दालनं, भुयारं, वरखाली जाणाऱ्या वाटा जशा एका पातळीत दिसतील, तसं या खेळांतलं जग दिसतं. घर बांधणारे याला सेक्शन म्हणतात. खोली नाही, फक्त लांबी आणि उंची. त्या जगात तुमचं एक छोटं पात्र. ते धावतं, उडी मारतं, कट्ट्यांवर चढतं, खाली पडतं. उड्या मारत कट्ट्यांवरून जायच्या खेळांना सगळीकडे प्लॅटफॉर्मर म्हणतात. पण बहुतेक प्लॅटफॉर्मर म्हणजे एकामागून एक टप्पे असतात: सुरुवात, शेवट, संपलं की पुढचा. मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांत टप्पे नसतात. एकच मोठं, सलग जग असतं, आणि त्यातल्या निम्म्या वाटा सुरुवातीला बंद असतात. कुठं कट्टा हाताला लागत नाही एवढा उंच, कुठं फट गुडघ्याएवढी, कुठं तळ्यात उतरलं की श्वास संपतो. तुम्ही ते पाहून ठेवता आणि दुसरीकडे जाता. पुढं कुठंतरी उंच उडी मिळते, पाण्यात तग धरायची ताकद मिळते, आणि मग आठवतं, अरे, तिकडे एक कट्टा होता.

या जातीला मेट्रॉइडव्हानिया असं नाव पडलं आहे. १९८६ साली निन्टेन्डोनं काढलेला 'मेट्रॉइड' आणि १९९७ सालचा कोनामीचा 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' या दोन खेळांच्या नावांची ती सांधणी आहे. नाव बोजड आहे आणि त्यातून काही कळत नाही. या पुस्तकात मी त्यांना शोधखेळ म्हटलं आहे.

आमच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला तो मेन रोडवरूनच. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट, आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेला खेळांचा आकडा एवढा मोठा होता की आम्ही भावंडं तो वाचतानाच दमायचो. प्रत्यक्षात पाचसहा खेळच पुन्हा पुन्हा यायचे. त्यात मारिओ होता. मारिओ १९८५ चा, आणि तो किती थोर खेळ आहे यावर वेगळं पुस्तक होईल. पण त्यातली एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. मारिओला पुढं जाता यायचं, मागं येता यायचं नाही. पडद्याची डावी कड त्याच्यामागून सरकत यायची आणि काचेच्या भिंतीसारखी अडवायची. एखादं नाणं राहिलं, एखाद्या नळीत डोकावायचं राहिलं, तर ते राहिलंच. मी त्या कडेला मारिओला घासत ठेवायचो. ताई ओरडायची, वेळ संपतोय, चल पुढं.

'सुपर मेट्रॉइड' मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात, एका मित्राच्या संगणकावर, खेळ निघून बरीच वर्षं झाल्यावर. तो १९९४ चा. त्यातल्या एका जागेविषयी मी गेली वीस वर्षं भेटेल त्याला सांगतो आहे, इथंही सांगतो. पाण्याखालच्या प्रदेशातून एक काचेची नळी जाते. तुम्ही आतून चालत जाता, बाहेर गढूळ पाणी दिसतं, आणि त्या पाण्यात जायचा रस्ता काही सापडत नाही. नळीतून तुम्ही चारदा जाता, सहादा जाता. दरम्यान एक मोठा बॉम्ब तुम्हाला मिळालेला असतो आणि तुम्ही तो भलतीकडे वापरत असता. मग एके दिवशी सहज, काहीच सुचत नाही म्हणून, तो बॉम्ब तुम्ही त्या नळीतच ठेवता. स्फोट होतो. क्षणभर काही नाही. मग काचेला तडे जातात आणि अख्खी नळी फुटते.

तुम्ही ज्याला रस्ता समजत होता तेच दार होतं.

त्या रात्री आम्ही दोघं खुर्च्यांवरून उठून उभे राहिलो होतो. असं का व्हावं, यावर मी खूप विचार केला आहे. बक्षीस म्हणून काही मिळालं नव्हतं, पडद्यावर शाबास वगैरे उमटलं नव्हतं. खेळानं आमच्यावर एक विश्वास टाकला होता. हे यांना कधीतरी सुचेल, आणि नाही सुचलं तरी आपण सांगायचं नाही, असा तो विश्वास. याच खेळात एका खोल विहिरीसारख्या जागेत तुम्ही पडता आणि वर येता येत नाही. तिथं तीन छोटे प्राणी भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत वर जात असतात. एक अक्षर लिहिलेलं नाही. बघायचं आणि करायचं. आमच्याकडे पोहायला असंच शिकवत, विहिरीच्या काठावर बसवून.

बंद दार आणि त्याची किल्ली एवढंच असतं तर मात्र हे खेळ कोडी झाले असते. कोडं सुटलं की संपतं. शोधखेळात तुम्ही तासन्‌तास फक्त हिंडत असता, आणि ते हिंडणं अंगाला बरं वाटावं लागतं. म्हणून सगळं शेवटी उडीवर येतं. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण उडीवर आहे, ते वाचून काहींना वाटेल की एवढं काय, बटण दाबलं की उडी. पण चांगली उडी बनवायला महिने जातात. बटण दाबताच पाय सुटले पाहिजेत, हाताच्या आणि डोळ्याच्या मधे काही अंतर वाटता कामा नये. बटण लवकर सोडलं तर उडी खुंटली पाहिजे, धरून ठेवलं तर उंच गेली पाहिजे. हे मारिओतही होतं. वर जाताना आणि खाली येताना वेग सारखा ठेवला तर पात्र फुग्यासारखं वाटतं, म्हणून बहुतेक ठिकाणी खाली येणं थोडं जड केलेलं असतं.

आणि यात एक लपवालपवी असते, ती मला फार आवडते. लहानपणी आम्ही गल्लीत लंगडी खेळायचो तेव्हा धाकट्यांना कच्चा लिंबू धरायचो. तो खेळात असतो, धावतो, ओरडतो, पण आउट होत नाही. २०१८ साली आलेल्या 'सेलेस्ट' या खेळात पात्राचा पाय कड्यावरून सुटून हवेत गेला, तरी पुढचा सेकंदाचा दहावा भाग खेळ तुम्हाला जमिनीवरच आहात असं धरतो. तेवढ्यात बटण दाबलं तर उडी मिळते. उतरण्याच्या किंचित आधी बटण दाबलं तरी खेळ ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो. खेळणाऱ्याला वाटतं, काय अचूक मारली आपण! प्रत्यक्षात खेळानं त्याला गुपचूप कच्चा लिंबू धरलेलं असतं. 'सेलेस्ट' टप्प्यांचा खेळ आहे, शोधखेळ नाही, पण उडीविषयी त्याच्या कर्त्यांनी जेवढं मोकळेपणानं सांगितलं आहे तेवढं फार थोड्यांनी सांगितलं असेल, म्हणून तो या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो.

आता नकाशा. बर्डीचा नकाशा मी कधी पाहिला नव्हता. व्हरायटी चौक एका टोकाला, लोहापूल दुसऱ्या, मधे मेन रोड, आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या. हे डोक्यात पायांनी भरलं. कुठली गल्ली कुठं निघते हे कळायला आधी एकदा चुकावं लागे. शोधखेळांतला नकाशा हा नाजूक मामला आहे. सगळा आधीच दाखवला तर हिंडण्यात राम नाही. अजिबात दिला नाही तर माणूस कंटाळून सोडून देतो. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये नकाशा नव्हताच, लोक चौकटीच्या कागदावर काढत बसत.

यातला मला सापडलेला सर्वांत सुंदर तोडगा 'हॉलो नाइट'मध्ये आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या तिघाचौघांच्या चमूनं तो २०१७ साली आणला. त्यासाठी आधी लोकवर्गणी काढली होती, ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जमली. जमिनीखालचं किड्यांचं एक ओसाड राज्य आहे, त्यात तुम्ही उतरता. नव्या भागात गेलात की नकाशा कोरा. आपण कुठं आहोत कळत नाही, जपून चालता. मग कुठूनतरी गुणगुणणं ऐकू येतं. जमिनीवर कागद पडलेले दिसतात. त्या कागदांच्या मागं मागं गेलं, आवाज वाढत गेला, की एका कोपऱ्यात एक जाडा किडा बसलेला असतो, नाकावर चष्मा, मांडीवर कागद. कॉर्निफर त्याचं नाव. तो तुम्हाला त्याच्याजवळचा नकाशा विकतो, पण अर्धवट. उरलेला तुम्ही हिंडून भरायचा, आणि तोही चालता चालता नाही. एखादा बाक सापडला, त्यावर बसलात, तरच तुमचं पात्र मान खाली घालून पाहिलेलं कागदावर उतरवतं, आणि त्यासाठी आधी लेखणी विकत घेतलेली हवी. आपण या क्षणी नकाशात कुठं उभे आहोत हे पाहिजे असेल तर होकायंत्राचा ताईत बांधावा लागतो, आणि तो बांधला की दुसऱ्या एखाद्या ताईताची जागा जाते.

अनोळखी जागी गुणगुणणारा माणूस भेटावा, यात केवढा दिलासा आहे! मी एरवी पडद्यावरच्या गोष्टींनी हळवा होत नाही. त्या आवाजानं होतो.

त्याच राज्यात एक शहर आहे, तिथं सतत पाऊस पडतो. जमिनीखाली पाऊस कसा, हा प्रश्न मनात येतो आणि काचांवरून ओघळणारं पाणी बघण्यात विरून जातो. कितीतरी तासांनी, शहराच्या खूप वर, एका कडेच्या वाटेनं गेलं तर पुढं निळं, शांत, पार दिसेनासं होणारं तळं लागतं. तिथं मारायला कुणी नाही, मिळवायला फारसं काही नाही. नकाशा उघडून पाहिलं की कळतं, ते शहर बरोबर याच्या खाली आहे. कुणी पाटी लावलेली नाही. शोधखेळात मिळणाऱ्या वस्तूंची मोजदाद पुष्कळ जण करतात, पण मला या कळण्याचं मोल जास्त वाटतं. आपल्या हातात काहीच नवं आलेलं नसतं, तरी खालच्या शहरात पुन्हा गेल्यावर तो पाऊस वेगळा दिसतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मागं येणं हे या खेळांचं मर्म आहे आणि तेच यांचं दुखणंही आहे. तोच बोळ, तेच शत्रू, आणि टोकाला एक क्षुल्लक बक्षीस, असं चारदा झालं की खेळ बंद करून जेवायला जावंसं वाटतं. चांगले कर्ते परतीची वाट बदलतात: आतून उघडणारं दार, खाली सोडता येणारी शिडी, पूर्वी घाम काढणारा शत्रू आता एका फटक्यात. 'सिम्फनी ऑफ द नाइट'मध्ये तर अख्खा किल्ला उलटा होतो, छताची जमीन होते आणि तुम्ही पुन्हा सगळीकडून हिंडता. कल्पना अफाट आहे. पहिला तासभर मी वेडा झालो होतो. पण तो उलटा किल्ला सुलट्याएवढा भरलेला नाही, हे मी त्या खेळावर जीव असूनही लिहितो. पाहुणे गेल्यावरच्या कार्यालयासारखा तो पुढं पुढं मोकळा वाटतो.

बर्डीवर मीही परतलो, बारा वर्षांनी. नोकरी बाहेरगावी, काका गेले, दुकानाचं शटर बंद. मार्च २०१९ मध्ये नागपूरची मेट्रो सुरू झाली होती आणि मुंजे चौकात दोन मार्ग एकमेकांवरून जाणारं सीताबर्डीचं स्टेशन उभं राहिलं होतं. झिरो माइलकडून गाडी बर्डीकडे येऊ लागली आणि लहानपणी ज्या टेकडीच्या पायथ्याशी मान वर करून बघायचो ती खिडकीच्या पातळीवर आली. पुढं फलाटावरून खाली पाहिलं तर टिनाची छपरं, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. बोळ कुठं वळतो आणि का वळतो ते पहिल्यांदा दिसलं. मला उंच उडी मिळाली होती, दुसरं काय.

ती टेकडी म्हणजे सीताबर्डीचा किल्ला. खरं तर दोन टेकड्या, मोठी आणि छोटी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली ती या टेकड्यांवर. त्या वेळी वर किल्ला नव्हता, तो इंग्रजांनी लढाई जिंकल्यावर बांधला. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांना वर्षातून मोजक्या दिवशी, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवसांना, आत सोडतात. शहराच्या ऐन मधे, लाखो लोक रोज ज्याला वळसा घालतात असं बंद दार. कॉलेजात असताना मी एका २६ जानेवारीला रांगेत उभा राहून वर गेलो. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला बर्डी. सगळे झेंड्याकडे बघत होते, मी काकांची गल्ली शोधत होतो.

वाट लपवून ठेवण्याची ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे, असं मला वाटतं. गोमुखी दरवाजा घ्या. दोन बुरुजांच्या कुशीत तो असा लपवलेला असतो की समोरून येणाऱ्याला भिंतच दिसते, अगदी वळणावर गेल्याशिवाय दार आहे हे कळत नाही. देवगिरीचा तासलेला कडा, खंदक, आणि मग डोंगराच्या पोटातली अंधारी. तो किल्ला चढताना मला सतत वाटत होतं की हे कुणीतरी खेळासारखं रचलं आहे, फक्त इथं चुकणाऱ्याचा जीव जाणार होता. महाराष्ट्रात खेळ बनवणारे हात आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' केला, तो जगभर खेळला गेला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनांत होता. 'राजी' शोधखेळ नव्हे, त्यात वाट एकाच दिशेनं जाते. गडाच्या सेक्शनमधून वरखाली नेणारा, टाक्यात उतरवणारा, चोरदरवाजा शेवटच्या तासाला दाखवणारा खेळ अजून माझ्या हाती आलेला नाही. त्याची मी वाट बघतो आहे, आणि हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं अर्धं कारण ते आहे.

पैसा आणि माणसं लागतात, हे खरंच. पण या जातीत एकट्यादुकट्यानं केलेल्या कामाची परंपरा आहे. जपानच्या दाइसुके अमाया यांनी फावल्या वेळात पाच वर्षं खपून 'केव्ह स्टोरी' एकट्यानं केला, चित्रं, संगीत, सगळं, आणि २००४ मध्ये फुकट वाटला. २०२४ चा 'ॲनिमल वेल' बिली बासो यांनी सुमारे सात वर्षं घालवून एकट्यानं रचला, आणि तो पन्नास एमबीपेक्षाही लहान आहे. लग्नाचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर याहून मोठा येतो. त्या एवढ्याशा जागेत खेळणारे महिनोन्‌महिने नवं काही शोधत राहिले.

पुढच्या प्रकरणांना क्रम आहे, पण तो पाळलाच पाहिजे असं नाही. उडीचं प्रकरण जड गेलं तर सोडा, नकाशाच्या प्रकरणाकडे जा, मग परत या. ज्यांनी अद्याप एकही शोधखेळ खेळला नाही त्यांनी मात्र पहिलं प्रकरण वाचण्याआधी पुस्तक मिटावं आणि कुठूनही १९८६ चा 'मेट्रॉइड' मिळवून पाच मिनिटं खेळावा. संगीत वाजेल, सामस नावाचं चिलखतातलं पात्र पडद्याच्या मधोमध उभं राहील. उजवीकडे वाट मोकळी असेल आणि हात आपोआप तिकडेच वळेल, आपल्या सगळ्यांचे हात मारिओनं तसे वळवून ठेवले आहेत. तिकडे गेलात तर थोड्याच वेळात एक बुटकी फट लागेल आणि तुम्ही अडाल. अंगाचा गोळा करून घरंगळत जायची जी विद्या त्या फटीसाठी लागते, ती सुरुवातीच्या जागेपासून चार पावलांवर ठेवलेली आहे, डाव्या हाताला.